पथारीवरची लीग

मार्च सरता सरता शेवटची मिरची उचलली जाते
आणि पथारी उघडी पडते,
तांबूस, भेगाळलेली, नंदुरबारच्या वेशीला लागून.
मे महिन्यात मापाड्याला काम नसतं.
काटा गोणपाटाखाली झाकलेला,
मी मात्र सवयीने साडेपाचला इथे.

चेंडू घरी करतो.
वीस रुपयांचा प्लास्टिकचा चेंडू घ्यायचा,
गोण्या शिवायचा दाभण गॅसवर लाल करायचा
आणि एकाच अंगाला आठ भोकं.
बायको म्हणते, पोळ्यांना प्लास्टिकचा वास येतो.
येतो. पण भोकातून वारा आत शिरतो,
चेंडू हवेतच विचार बदलतो,
आणि शेठच्या पत्र्यापर्यंत कधी पोचत नाही.
बॅट म्हणजे पाइपाचा हातभर तुकडा,
मुठीला सायकलची ट्यूब.

मग सुरतची गाडी येते.
उधन्याहून, लिंबायतहून पोरं उतरतात आजोळी,
तोंडात अर्धी गुजराती, अर्धी अहिराणी.
चार संघ होतात. माळीवाडा, स्टेशन, धुळे नाका,
आणि चौथा नुसता 'आम्ही',
कारण नावावरून त्यांचं भांडण मिटलंच नाही.
फळ्यावर लिहावं लागतं:
आज आम्ही विरुद्ध स्टेशन.

सव्वासहा ते साडेआठ. नंतरचं ऊन कुणाचं ऐकत नाही.
ओला रुमाल नसेल तर खेळायचं नाही.
आणि डोळे चोळायचे नाहीत,
जमिनीत अजून तिखट आहे.
दर वर्षी एक जण विसरतो, बोंबलत नळाकडे पळतो.
बाकीचे जाणत्यासारखे हसतात,
मागच्या वर्षी पळालेले तेच.

मोजतो मी बाजारातल्यासारखं.
पहिल्या चेंडूला एक म्हणत नाही. लाभ.
मग दोन, मग तीन.
सुरतेचा यथार्थ विचारतो, लाभ म्हणजे किती?
म्हटलं, एकच, पण मान देऊन.

एकदा लोकेनचा बाप मोटरसायकलवर आला.
हे काय खेळणं? टेनिस बॉल आणून देतो, खरं क्रिकेट खेळा.
म्हटलं, आधी एक षटक खेळून बघा.
रेवली वळवी, नऊ वर्षांची, हमालाची पोर,
तिने टाकलेला चेंडू हवेत क्षणभर थांबतो,
काहीतरी विसरल्यासारखा.
बाप दोनदा चुकला, हसला.
तिसऱ्यांदा चुकला, हसला नाही.
दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून थंड पाण्याचे दोन जार आले,
निरोप काही नव्हता.

मागच्या वर्षीची फायनल.
'आम्ही'ला पाच हवेत, तीन चेंडू झालेले,
बॅट यथार्थच्या हातात.
तेवढ्यात त्याचे आजोबा सायकल दामटत आले:
चाल रे भाऊ, गाडी उनी!
पोराने बॅट खाली ठेवली,
फेकली नाही, झोपलेल्याला ठेवावं तशी ठेवली,
आणि कॅरिअरवर बसून गेला.
धुळे नाका म्हणाला, दुसरा खेळवा.
रेवली चेंडू फ्रॉकमागे लपवून उभी.
"नही. तो येई तवय टाकसू."

वहीत लिहिलं: तीन चेंडू शिल्लक.
त्याच्या पुढच्याच पानावर दसऱ्याचा माल,
एक्केचाळीस गोण्या, ओली मिरची.
सगळी पथारी लाल झाली,
खाली कुठेतरी आमची रेघ.

यंदा यथार्थ आला नाही.
क्लास आहेत म्हणे.
आजोबांनी कॅरिअरवरून उतरवलं त्याच्या धाकट्या बहिणीला,
बॅट कुठल्या टोकाला धरायची तेही तिला माहीत नाही.
पोरांचा वाद: चालेल. नाही चालणार. काबरं नही चालाव?
सव्वासात वाजले. पत्रा तापून कडकडायला लागला.
रेवलीने चेंडू कानाशी हलवून पाहिला,
भोकातून आत गेलेलं मिरचीचं बी
फुंकर मारून बाहेर काढलं,
फ्रॉकला हात पुसले.

मी घसा साफ केला
आणि म्हटलं, चार.